जखमेवरचं हर्बल जेल: या चुका टाळा, अर्काला बोल लावू नका

नवी मुंबईतल्या बी. फार्म.च्या मुलांकडे हा प्रोजेक्ट हमखास येतो: हळद, कडुनिंब, कोरफड नाहीतर दगडीपाला घ्या आणि जखमेवर लावायचं जेल करा. जेल फसलं की खापर फुटतं अर्कावर. खरी गडबड बहुतेक वेळा बेसमध्ये, म्हणजे अर्क ज्यात मिसळतो त्या कोऱ्या जेलमध्ये असते, नाहीतर कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांमध्ये.

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या हवेत पाला सावलीत वाळत नाही, कुबट होतो. ट्रे ड्रायरमध्ये ४० ते ४५ अंशांवर वाळवा, लॉस ऑन ड्राइंग, म्हणजे वाळवल्यावर वजन किती घटतं ते, काढा, मगच दळा. दगडीपाला फुकट मिळतो म्हणून महापे-तुर्भ्याच्या ट्रकच्या रस्त्याकडचा उपटू नका. त्या धुळीत जड धातूही असू शकतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून परवानगीशिवाय काही तोडायचं नाही. फुलासकट नमुना दाबून ओळख पटवून घ्या. मुंबईत त्यासाठी सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे.

कार्बोपोल ९४० ही जेल घट्ट करणारी पावडर पाण्यात एकदम ओतली की गुठळ्या होतात, वरून चिकट आणि आत कोरडी पावडर. मग कितीही ढवळा, त्या सुटायला फार त्रास देतात. चिमटीने भुरभुरवा, रात्रभर भिजू द्या. स्टररचा वेग वाढवलात तर बुडबुडे अडकतात, आणि ते न्यूट्रलाइज करायच्या, म्हणजे अल्कली घालून जेल घट्ट करायच्या, आधीच काढावे लागतात. जेल घट्ट झाल्यावर ते सहसा हलत नाहीत.

ती अल्कली, म्हणजे ट्रायइथेनॉलअमाईन, थेंबाथेंबानेच घाला. हळदीचं जेल असेल तर चूक डोळ्यांदेखत दिसते: थेंब जास्त पडला त्या जागी पिवळ्याचं विटकरी लाल होतं, हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तसंच. घाईघाईने आम्ल घालून रंग परत पिवळा करता येतो, पण अल्कलीत मोडलेलं कर्क्युमिन, हळदीतलं पिवळं द्रव्य, परत येत नाही. तो बॅच टाकून द्या. पीएच ५.५ ते ६.५ ठेवा आणि तो मीटरवर मोजा. पिवळ्या जेलमध्ये पीएच पट्टीचा रंग काय कळणार?

कोरफडीचा रस घातल्यावर जेल पातळ झालं? रसातले क्षार कार्बोपोलची घट्टी मोडतात. आणखी कार्बोपोल ओतत बसण्यापेक्षा रस कमी करा, किंवा एचपीएमसी या सेल्युलोजपासून केलेल्या घट्टकाचा बेस घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. जंतू वाढवायच्या अगार प्लेटवर जेलभोवती स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची वाढ थांबलेला गोल, म्हणजे झोन, दिसला की टाळ्या पडतात, पण अर्काशिवायचं जेल त्याच प्लेटवर लावलेलंच नसतं. जेलमध्ये मिथाइल पॅराबेन आहे, प्रोपिलीन ग्लायकॉल आहे. जंतू तेही रोखू शकतात. मग झोन कोणाचा? एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, हा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. कोरं जेल, अर्काचं द्रावक आणि बाजारातलं प्रमाण मलम, तिन्ही सोबत हवेत. उलटही होतं: कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते अगारमध्ये पसरत नाही. झोन लहान म्हणून अर्क कुचकामी ठरत नाही. ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण) काढून बघा.

उंदरांवरच्या प्रयोगासाठी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची) मंजुरी आधी, काम नंतर. आणि फक्त जखम आकुंचनाची टक्केवारी देऊन थांबू नका. उंदराची कातडी सैल असते, त्याची जखम मुख्यतः आकुंचनाने मिटते, माणसाची तशी मिटत नाही. त्वचेचा थर यायला लागलेले दिवस आणि हिस्टोलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची तपासणी, द्या. फोटोत जखमेशेजारी मोजपट्टी ठेवा, रोज त्याच उंचीवरून काढा.

प्रयोगशाळेतलं जेल घरच्या कोणाच्या उघड्या जखमेवर लावून पाहू नका. ते निर्जंतुक नसतं. मधुमेही आजीच्या पायावर तर अजिबात नको.

स्टॅबिलिटीसाठी, म्हणजे जेल किती टिकतं ते बघायला, डबी फ्रिजमध्ये ठेवून 'महिनाभर टिकलं' लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या हवेसाठी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता अशी अट सहसा धरतात. वेगवान चाचणीत ४० अंश आणि तीच आर्द्रता. हळदीचं जेल पारदर्शक डबीत भरलं तर उजेडाने फिकं पडतं, म्हणून तपकिरी डबी घ्या.