एसटीएक्सएमला सॅम्पल नेताय? या चुका टाळा

बीमटाइम, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर (एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) काम करायची ठरावीक वेळ, मंजूर झाला की पोरं आधी तिकिटं काढतात आणि सॅम्पल निघायच्या आदल्या रात्री बनवतात. स्कॅनिंग ट्रान्समिशन एक्स-रे मायक्रोस्कोपीत (एसटीएक्सएम) सॅम्पलची जाडी निघण्याआधी, इथे सांगलीतच ठरते. सिंक्रोट्रॉनवर पोचल्यावर ती कमी करता येत नाही.

जाड सॅम्पल. सगळ्यात जास्त वेळ हीच चूक खाते. झोन प्लेट, म्हणजे एक्स-रेचं भिंग, किरणांचा साधारण 30 नॅनोमीटरचा ठिपका करते, त्याखालून सॅम्पल ओळीओळीने सरकतं आणि आरपार गेलेले फोटॉन मोजले जातात. आरपार काही गेलंच नाही तर मोजणार काय? कार्बन बघायचा असेल तर 100-200 नॅनोमीटर जाडी पुष्कळ झाली.

कृष्णाकाठच्या क्षारपड रानातली काळी माती घेऊन आमचा एक विद्यार्थी गेला होता. खलात कुटलेली, विंडोवर (सॅम्पल ठेवायच्या पातळ पडद्यावर) घट्ट थेंब. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती किरण शोषले गेले त्या आलेखात, 285 इलेक्ट्रॉन-व्होल्टचं ॲरोमॅटिक शिखर आणि 288.5 चं कार्बोक्झिलचं शिखर (दोन्ही कार्बनचेच प्रकार) जवळपास सारख्याच उंचीची आली. गडी खूश, ‘या मातीतला सेंद्रिय कर्ब वेगळाच आहे’ म्हणून स्लाइडसुद्धा तयार! मी त्याला त्याच कणाच्या पातळ कडेचा स्पेक्ट्रम काढायला लावला. तिथे कार्बोक्झिल डोकं वर काढून उभं. मधल्या जाड भागात उंच शिखराचा माथा सपाट झाला होता, एवढंच. बीमटाइम मात्र गेला तो गेलाच.

मी माती कुटतच नाही. चिमूटभर माती डिस्टिल्ड पाण्यात ढवळायची, जड कण खाली बसू द्यायचे आणि वरच्या पाण्याचा मायक्रोलीटरभर थेंब सिलिकॉन नायट्राइडच्या विंडोवर सुकवायचा. असे तीन थेंब करायचे, पाणी वाढवत एकाहून एक पातळ. ‘यात काही आहे तरी का?’ असं वाटायला लावणारा तिसराच बहुतेक वेळा कामाला येतो. साध्या मायक्रोस्कोपखाली ठळक काळा दिसणारा कण सोडून द्या. ऑप्टिकल डेन्सिटी (सॅम्पलमध्ये किरण किती अडले याचं माप) 1 च्या आसपास राहिली पाहिजे. असं सॅम्पल हाताशी असलं की 350 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ कॅल्शियमही त्याच कणावर बघता येतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कर्ब कॅल्शियमला कुठे चिकटलाय, हा प्रश्न तिथे सुटू शकतो.

सॅम्पल इपॉक्सी रेझिनमध्ये बसवणं. इपॉक्सी म्हणजेच कार्बन. कार्बन बघायचाय ना? मग नको.

आय-नॉट उधार घेणं. आय-नॉट म्हणजे सॅम्पलशिवायची किरणांची मूळ तीव्रता; तिचा कालचा स्पेक्ट्रम आज चालत नाही. कणाशेजारच्या रिकाम्या विंडोवर, त्याच पाळीत घ्या. या शॉर्टकटची मला मनापासून चीड येते. वाचतात जेमतेम काही मिनिटं आणि बीमलाइनच्या आरशांवर साचलेला कार्बन तुमच्या मातीच्या नावावर जमा होतो.

फोकस एकदाच करणं. झोन प्लेटचं फोकल अंतर ऊर्जेबरोबर वाढतं. 280 ला जुळवलेलं 350 ला आपोआप जुळेल असं धरू नका, बघून घ्या.

चांगल्या कणावरच सराव. किरणांनी सेंद्रिय पदार्थ जळतो. फोकस दुसऱ्या कणावर करा, आवडलेल्या कणाला शेवटी हात लावा. काम झालं की 288.5 ला मोठ्या चौकटीत पुन्हा एक चित्र घ्या. स्कॅन केलेल्या जागेचा चौकोनी ठसा दिसला तर डोस जास्त झालाय. तो स्पेक्ट्रम बाजूला टाका आणि कमी वेळ देऊन नव्या कणावर घ्या.