यूकेत हीट पंप घ्यायचाय? आधी बॉयलर ५० वर आणून बघा

गॅस बॉयलर जुना झालाय आणि त्याऐवजी विजेवर घर गरम करणारा हीट पंप घ्यावा का असं डोक्यात चालू असेल तर कोटेशन मागवायच्या आधी एक टेस्ट घरीच करा, एक पैसा लागत नाही. कॉम्बी बॉयलरवर (टाकीशिवाय नळाचं पाणी थेट तापवणारा तो कॉम्बी) बहुतेक दोन सेटिंग असतात, एकावर नळाचं चित्र आणि दुसऱ्यावर रेडिएटरचं. रेडिएटरवालं ७०-७५ वर असेल, ते ५० वर आणा. (गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हे करू नका, टाकीतलं पाणी नीट तापणार नाही आणि जंतूंचा प्रश्न येतो.) मग बाहेर शून्याच्या आसपास असेल अशा आठवड्यात हीटिंग दिवसभर चालू ठेवा. सगळ्या खोल्या १९-२० ला आल्या तर घर जवळपास तयार आहे, एखादीच मागे पडली तर तिथे मोठा रेडिएटर लागेल एवढंच.

एवढा आटापिटा का, तर हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, आणि रेडिएटरचं पाणी जितकं कमी गरम लागेल तितकी वीज कमी जाते. १ युनिट विजेत वर्षभराच्या सरासरीने किती युनिट उष्णता मिळाली तो आकडा म्हणजे एससीओपी, सगळा हिशोब याच आकड्यावर आहे.

हिशोब करूनच बघू. २०२५ च्या जुलै-सप्टेंबरच्या ऑफजेम प्राइस कॅपमध्ये (ऊर्जा नियामकाने ठरवलेली दरांची कमाल मर्यादा) वीज सरासरी २५.७३ पेन्स आणि गॅस ६.३३ पेन्स युनिट होता, म्हणजे वीज चौपट महाग. वर्षाला १२,००० युनिट गॅस जळत असेल तर ७६० पौंड, आणि बॉयलर ८५% धरला तर घरात उष्णता आली १०,२०० युनिट. तेवढीच उष्णता एससीओपी ३ ने घेतली तर विजेचे ८७५ पौंड, ४ ने घेतली तर ६५६. बरोबरी होते साधारण ३.४५ ला. गॅसचं कनेक्शनच काढून टाकलंत तर त्याचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी रोज लागणारा ठराविक आकार), त्याच कॅपप्रमाणे वर्षाचे जवळपास ११० पौंड, तोही वाचतो, पण मग शेगडीसुद्धा इंडक्शन घ्यावी लागते आणि फुलके तव्यावरच फुगवायचे, हे घरात आधी बोलून घ्या.

बसवायचा खर्च मध्यम घराला साधारण १२-१३ हजार पौंड. त्यातले ७,५०० इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदानातून सुटतात, अर्ज इन्स्टॉलरच करतो, तो एमसीएस सर्टिफाइड (अशा कामाचं दर्जा-प्रमाणपत्र असलेला) असला पाहिजे. व्हॅट मार्च २०२७ पर्यंत शून्य आहे. स्कॉटलंडची योजना वेगळी.

आता कोटेशन. माझ्याकडे पहिला माणूस आला तो दहा मिनिटांत घर बघून आकडा सांगून गेला, एकही खोली मोजली नाही. अशाला सरळ नाही म्हणा. खोलीगणिक हीट लॉस (थंडीत खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते) मोजलेला कागद मागा आणि विचारा, फ्लो टेम्परेचर, म्हणजे रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान, किती धरलंय? उत्तर ४५ च्या आसपास आलं तर छान, ५५ आलं तर कोणते रेडिएटर बदलले की ४५ ला येईल ते विचारा. कारण रेडिएटरवर लिहिलेले वॉट हे पाणी खोलीपेक्षा ५० डिग्री गरम असतानाचे असतात, फरक २५ वर आला की तोच रेडिएटर जेमतेम ४०% उष्णता देतो. मोठ्या रेडिएटरचे पैसे एकदाच जातात, ५५ चं पाणी मात्र दर महिन्याच्या बिलात दिसतं. कॉम्बी काढला की गरम पाण्याच्या टाकीला जागा लागते, तीही आधीच ठरवा, आमचं तांदळाच्या पोत्यांचं कपाट त्यातच गेलं.

बसल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर लावायची सवय सोडा, मंद आचेवर सतत चालू राहू दे, आणि वेदर कॉम्पेन्सेशन (बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग) चालू आहे ना ते इन्स्टॉलर जायच्या आत त्याच्यासमोर तपासा. आई भारतातून आली की आधी रेडिएटरला हात लावते आणि कोमट लागला की म्हणते बिघडलाय. तिला मी भिंतीवरचं थर्मामीटर दाखवतो, २०.५.