व्यक्तिगत कुलचिन्हासाठी वेगळ्या घडणीचा क्रॉस कसा रचावा

आपल्या कुलचिन्हाच्या ढालीवर क्रॉस असावा, पण तो सर्वत्र दिसणाऱ्या क्रॉसपेक्षा वेगळा असावा, असे ज्यांना वाटते त्यांनी चित्र काढण्याआधी त्याचे वर्णन एका वाक्यात लिहून पाहावे. हेराल्ड्रीमध्ये, म्हणजे कुलचिन्हांच्या शास्त्रात, कुलचिन्ह म्हणजे एखादे ठरावीक चित्र नव्हे. ते शब्दांत नोंदवलेले वर्णन असते, त्याला ब्लेझन म्हणतात, आणि त्या वर्णनाला धरून कोणत्याही चित्रकाराने काढलेली ढाल तितकीच अस्सल मानली जाते. भुजा किंचित निमुळती करणे किंवा कोपरा थोडा गोलसर करणे असा जो वेगळेपणा शब्दांत सांगता येत नाही, तो दुसऱ्या चित्रकाराच्या हाती जाताच नाहीसा होतो. म्हणून बदल मोजका करावा, पण ठळक करावा.

बदलासाठी सर्वांत मोठा वाव भुजांच्या टोकांना आहे, आणि याच जागी पूर्वसुरींनी सर्वाधिक काम करून ठेवले आहे. क्रॉस पोटेंटच्या प्रत्येक टोकाशी आडवी पट्टी असते. क्रॉस बॉटनीची टोके तीन गोलसर पाकळ्यांची असतात आणि तो अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या ध्वजावर आजही दिसतो. तुलूझच्या सरदारांचा सोनेरी क्रॉस आतून पोकळ असून त्याच्या टोकांवर एकूण 12 गोळे असतात. क्रॉस मोलीनची टोके दुभंगून दोन्ही बाजूंना वळतात आणि त्याचा आकार जात्याच्या दगडात बसवायच्या लोखंडी तुकड्याशी जोडला जातो. मात्र इंग्लंडच्या पद्धतीत लहान क्रॉस मोलीन हे आठव्या मुलाची ढाल इतर भावंडांच्या ढालींहून वेगळी ओळखू यावी म्हणून ठेवलेले भेदचिन्ह असल्याने तो ढालीच्या वरच्या भागात एकटा ठेवू नये. यांपैकी एखादा नमुना घेऊन त्याची खालची भुजा अणकुचीदार करणे, म्हणजे त्याला फिची रूप देणे, हा साधा पण उपयुक्त मार्ग आहे, कारण खाली निमुळत्या होणाऱ्या ढालीत असा क्रॉस अवघडून न जाता नीट बसतो.

माझ्या मते याहून समाधानकारक वाट म्हणजे क्रॉस वस्तूंचाच बनवणे. एर्मिन या फरवरचे चार काळे ठिपके जोडून केलेला क्रॉस प्रत्यक्ष कुलचिन्हांत आढळतो, आणि त्याच धर्तीवर चार किल्ल्या, चार बोरू किंवा चार बाण घेता येतात. वस्तू निवडताना ती लांबट असावी, तिचे एक टोक जड व दुसरे हलके असावे आणि तिचा धारकाच्या नावाशी किंवा व्यवसायाशी खरा संबंध असावा. जड टोके बाहेर ठेवली तर दुरूनही आधी क्रॉस दिसतो आणि मग वस्तू ओळखू येते. जड टोके मध्यभागी आणली तर तिथे गर्दी होऊन बाह्याकृती विस्कटते. वस्तू कोणत्या दिशेने वळलेल्या आहेत आणि मध्यभागी एकमेकींना चिकटलेल्या आहेत की सुट्या, हे वर्णनात स्पष्ट लिहावेच लागते.

कडा बदलायच्या असतील, म्हणजे त्या लाटांसारख्या, तटाच्या दातांसारख्या किंवा छाटलेल्या फांद्यांच्या खुंटांसारख्या करायच्या असतील, तर क्रॉस रुंद हवा. जुन्या नियमानुसार ढालीच्या कडांना टेकणाऱ्या क्रॉसची भुजा ढालीच्या रुंदीच्या साधारण एक पंचमांश असते, आणि तिच्यावर दुसरी चिन्हे ठेवायची असल्यास एक तृतीयांश. मध्यभागी चौकोनी खिडकी कापणे किंवा प्रत्येक भुजा दोन पट्ट्यांत विभागून त्या एकमेकींत विणणे हेही शक्य आहे. पण टोके, कडा आणि मध्य हे तिन्ही एकाच वेळी बदलले की क्रॉस क्रॉस राहत नाही.

रंगांचा नियम कडक आहे. सोनेरी आणि चंदेरी (चित्रात बहुधा पांढरा) हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे रंग. आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. जेरुसलेमच्या राज्याचा चंदेरी ढालीवरील सोनेरी क्रॉस हा प्रसिद्ध अपवाद आहे, पण त्याचे अनुकरण करू नये. पांढऱ्यावर सुटा, समान भुजांचा लाल क्रॉस मुळीच घेऊ नये: 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम 53 नुसार रेड क्रॉसचे चिन्ह व त्याची नक्कल खाजगी वापरासाठी निषिद्ध आहे, आणि लाल पार्श्वभूमीवरील पांढऱ्या स्विस क्रॉसलाही तेच कलम लागू होते.

आराखडा तयार झाला की तो केवळ काळ्या-पांढऱ्यात काढून अंगठीवरील मुद्रेएवढा लहान करून पाहावा. तिथे जो तपशील मिटतो तो काढून टाकावा. नंतर वर्णनाचे वाक्य, चित्र न दाखवता, दुसऱ्या कुणाला तरी देऊन त्याच्याकडून ढाल काढून घ्यावी. दोन चित्रांतला फरक शैलीचा असेल तर हरकत नाही, पण घडणीचा असेल तर दुरुस्ती वाक्यात करावी.

शेवटी, चिन्हांनुसार लावलेल्या कुलचिन्हसूचींत तशीच ढाल आधी कुणाची नाही ना, हे तपासावे, आणि त्या तपासणीत रंगांची अदलाबदल करून पाहण्यास विसरू नये. नोंदणीचे नियम देशागणिक बदलतात. इंग्लंडमध्ये 1484 साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्स या कुलचिन्हे बहाल करणाऱ्या संस्थेकडे रीतसर अर्ज करावा लागतो, तर स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नोंदवहीत, जी 1672 च्या कायद्याने सुरू झाली, नाव नसताना कुलचिन्ह मिरवणे हा आजही गुन्हा आहे.