अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि समाज एकत्र कसा अभ्यासावा

फोंड्यातल्या माझ्या बी.ए.च्या मुलांना मी आधी वहीचं पान उभं दुमडायला लावते. डावीकडे अमेरिकेबाहेरच्या घटना, उजवीकडे देशातल्या.

डावीकडे १८९८ लिहा: स्पेनशी युद्ध, पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स ताब्यात. १९१४, पनामा कालवा खुला. इथे फार रेंगाळू नका.

वेळ द्यायचा तो १९१७ला. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन लोकशाहीचं नाव घेऊन पहिल्या महायुद्धात उतरले. त्याच वर्षी मताधिकार मागणाऱ्या बायका व्हाइट हाउसच्या फाटकाशी फलक घेऊन उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. या दोन नोंदी रेघेनं जोडा. मला हे पान शिकवताना आजही राग येतो. १९१८मध्ये विल्सननीच सिनेटला सांगितलं, युद्ध जिंकायला हा मताधिकार हवा. १९२०, एकोणिसावी घटनादुरुस्ती: स्त्रियांना मताधिकार. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र पुढेही मतदानापासून अडवलं गेलं. हे वाक्य उत्तरात हवंच.

बाहेरचा बदल घरात कसा शिरतो हे कळेना, तर आपलं १९१० आठवा: पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, राजेशाही पडली आणि गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले.

मग सनावळ्या झाका आणि प्रत्येक रेघेचं कारण शेजारच्या मैत्रिणीला तोंडी सांगा.