प्रकल्प तडीस न्यायचा तर आधी संस्था ओळखा

सोसायटीचं वॉटरप्रूफिंग, कंपनीतली नवी बिलिंग प्रणाली, ट्रस्टची वस्तीतली अभ्यासिका. आराखडे सारखेच दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी होकार मिळण्याची वाट वेगळी असते. बरीचशी कामं तिथेच रखडतात.

१. शेवटची सही कोणाची, ते आधी विचारा.
सोसायटीत सेक्रेटरींचा उत्साह पुरत नाही. मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. कंपनीत विभागप्रमुख राजी असतात, पण पैसे फायनान्स सोडतं. ट्रस्टकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला निधी असेल, तर तो मंजूर कामावरच खर्च करावा लागतो आणि विनियोगाचा दाखला द्यावा लागतो. महापालिकेशी संबंधित काम असेल तर निवडणुकीची आचारसंहिता कधी लागू शकते, तेही बघून ठेवा.

२. शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या.
मुंबईत हे फार मोलाचं आहे. इमारतीचं बाहेरचं काम पावसाळ्याआधी, म्हणजे मेअखेर संपायला हवं. त्यासाठी जानेवारीत परांची उभी राहायला हवी, डिसेंबरात कंत्राटदाराला वर्क ऑर्डर मिळायला हवी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दरपत्रकं मागवून त्यांची तुलना व्हायला हवी. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तिची नोटीस १४ दिवस आधी जाते. सभेत आकडा मांडायचा तर स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) त्याआधीच हातात हवं. म्हणजे मे महिन्यात संपणाऱ्या कामाची सुरुवात आदल्या जुलैत होते! जानेवारीत पहिली बैठक घेणाऱ्या कमिटीला मे महिना कधीच पुरत नाही.
कंपनीत मार्चअखेर अकाउंट्सवाल्यांना नवी प्रणाली शिकवायला जाऊ नका. वस्तीतला उपक्रम मे महिन्यात सुरू करू नका, निम्मी मुलं गावी गेलेली असतात. गणपतीचे दिवस तर आधीच वगळा.

३. झळ कोणाला बसणार, त्यांना आराखडा पक्का होण्याआधी भेटा.
मुंबईतल्या कोस्टल रोडच्या वरळीकडच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. एवढ्या जागेतून होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, असं कोळी बांधव सांगत राहिले, त्यांनी काम अडवलं, आणि अखेर ते अंतर १२० मीटर करावं लागलं. समुद्राची ओढ त्यांना रोजच्या अनुभवातून ठाऊक होती. तुमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे दुकानदार आणि आजारी वृद्ध, कंपनीत रोज बिलं टाइप करणारा कर्मचारी, हीच ती माणसं. त्यांच्याकडे स्वतः जा, सर्क्युलर पाठवून भागवू नका.

४. एका पानावर करार लिहा.
काय करणार, किती पैशांत, कधीपर्यंत. आणि काय करणार नाही, हे ठळक लिहा. मधेच "एवढं पार्किंगचंही करून टाका" अशी मागणी आली, तर तिचा खर्च आणि वाढणारे दिवस लिहून पुन्हा सही घ्या.

५. दर आठवड्याला वीस मिनिटं भेटा.
काय झालं, काय अडलं, कोण सोडवणार. बस्स.

६. सोपवण्याची तयारी पहिल्या महिन्यातच करा.
गॅरंटीची कागदपत्रं, पासवर्ड, अभ्यासिकेची किल्ली, दर महिन्याच्या वीजबिलाचे पैसे: प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव हवं. तुम्ही दोन आठवडे बाजूला राहा आणि त्या माणसाला एकट्याने काम चालवू द्या. तो जिथे अडेल ते दुरुस्त करा, मगच शेवटचं बिल चुकतं करा.