पोल हील्स: बोटं दुखतायत म्हणून एक नंबर मोठा घेताय? थांबा जरा

पोल डान्स शिकताय, अनवाणी क्लाइंब म्हणजे पोलवर चढणं जमतंय, दोनचार स्पिन म्हणजे पोलभोवतीच्या गिरक्या बऱ्या दिसायला लागल्यात आणि आता पोलवर घालायच्या उंच हील्स घ्यायच्यात, अशा टप्प्यावर असाल तर हे तुमच्यासाठी आहे. हील्स कशासाठी घालतात वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहितीये. मला फक्त मापाबद्दल बोलायचंय, कारण ग्लिटर हवी की चकचकीत पेटंट यावर लोक तासभर बोलू शकतात पण मापाचं विचारलं की "नेहमीचा नंबर घे, नाहीतर एक मोठा घे" एवढ्यावर विषय संपतो. आणि ते "एक मोठा घे" फार महागात पडतं.

साध्या बुटात बोटं दुखली म्हणजे बूट लहान, हे आपल्या डोक्यात शाळेपासून फिट बसलंय. हील्समध्ये हे बऱ्याचदा बरोब्बर उलटं असतं. टाच वर, चवडा खाली, म्हणजे तुमचं पाऊल उतारावर उभं आहे आणि सगळं वजन त्याला सतत पुढे ढकलतंय. टाचेमागे जागा असेल किंवा पुढचा पट्टा सैल असेल तर पाऊल घसरत जातं आणि पट्ट्यात पाचरीसारखं रुतून बसतं. करंगळी पट्ट्याच्या बाहेर डोकावते, अंगठा सोलच्या काठावरून खाली येतो, बोटं आकसून काहीतरी धरून ठेवायला बघतात, चवड्याची आग होते. तुम्ही खाली बघता, बोटं बाहेर आलेली दिसतात, तुम्हाला वाटतं लहान झाले. मग मोठा नंबर येतो, मागची जागा अजून वाढते, पाऊल अजून पुढे जातं, बोटं अजून बाहेर. मग वाटतं आपले पायच विचित्र आहेत. मलाही तेच वाटत होतं, कितीतरी काळ. पाय ठीक होते.

म्हणून बोटं दुखली की पुढे नाही, मागे बघा. हील्स घालून, बक्कल लावून, दोन्ही पायांवर वजन घेऊन सरळ उभे रहा आणि कुणालातरी मागून फोटो काढायला सांगा, स्वतः वाकून बघू नका, वाकलात की पाऊल हलतं. टाच मागच्या कडेला टेकलीये आणि तरीही बोटं पुढे बाहेर येतायत, तर खरंच लांबी कमी आहे. बोटं बाहेर आहेत पण टाचेमागे हाताचं बोट आरामात आत जातंय, तर बूट मोठा आहे किंवा पुढचा पट्टा तुमच्या पायाला सैल आहे. आणि टाच जागेवर, बोटं जागेवर, पण अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूने कचकचून दाबतंय, तर प्रश्न रुंदीचा आहे, लांबीचा नाहीच. ही तिन्ही दुखणी खालून सारखीच जाणवतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एवढं जरी डोक्यात राहिलं तरी पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

अजून एक गोष्ट यातच येते. टाच उचलली की पाऊल कमानीत वाकतं आणि सपाट उभं असताना जेवढी लांबी लागते त्याहून थोडी कमी लागते. म्हणजे स्पोर्ट्स शूजमध्ये पुढे जी मोकळी जागा आपण सोडतो ती उघड्या बोटांच्या हील्समध्ये सोडायचीच नसते. बोटांची टोकं सोलच्या काठाच्या जराशी आत, बस. बंद बूट घेत असाल तर मात्र बोटं आत सरळ पसरायला हवीत, वाकडी राहता कामा नयेत.

माप घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरायची, दोन्ही पाय मोजायचे, आणि सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवायचं. सोबत चवड्याचा घेरही टेपने मोजा, जिथे अंगठ्याचं हाड बाहेर येतं तिथून फिरवून. हे कुणीच करत नाही आणि नंतर पट्टे चावतात म्हणून रडतात. दोन पायांत फरक असतोच बहुतेकांचा, माझा डावा जरा लांब आहे. फरक थोडा असेल तर मोठ्या पायाला बसेल असा घ्या आणि लहान पायाच्या बुटात चवड्याखाली पॅड टाका.

नंबरांच्या भानगडीत फार पडू नका पण एवढं माहीत असू द्या की अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपियन एक नंबर म्हणजे साधारण पावणेसात मिलिमीटर. ऐकायला चिल्लर वाटतं, पण उतारावर उभ्या असलेल्या पावलाला आठ मिलिमीटर म्हणजे घसरायला भरपूर जागा झाली. वर ब्रिटिश नंबरातून बायकांचा अमेरिकन नंबर काढताना कुणी दोन मिळवतं तर कुणी तीन, कंपनीवर आहे. त्यामुळे "मी सगळीकडे अमुक नंबर घालते" याला इथे काही अर्थ नाही. ज्या कंपनीचे घेताय तिचाच तक्ता, आणि तोही सेंटीमीटरच्या रकान्यातून वाचा. पोलसाठीचे बरेच मॉडेल फक्त पूर्ण नंबरांत मिळतात, अर्धा मिळत नाही. तुम्ही मधोमध अडकलात आणि पाऊल अरुंद असेल तर माझं मत खालचा घ्या, रुंद असेल तर वरचा घेऊन चवड्याखाली पॅड. याच्यावर लोक माझ्याशी भांडतात, भांडू देत.

पॅडवरून आठवलं. पॅड चवड्याखाली टाकायचं, टाचेमागे नाही, निदान आधी तरी नाही. चवड्याखालचं पॅड पाऊल वर उचलतं, त्यामुळे पट्टा घट्ट बसतो आणि घसरणंच थांबतं. टाचेमागचं पॅड पावलाला अजून पुढे ढकलतं, ते तेव्हाच जेव्हा बाकी सगळं बरोबर आहे आणि टाच नुसती डुलतीये.

आता उंची. सगळ्यांना वाटतं उंच म्हणजे जास्त चढ. तसं नसतं. पावलाला जाणवणारा चढ म्हणजे हीलच्या उंचीतून प्लॅटफॉर्म, म्हणजे चवड्याखालचा जाड तळ, वजा केला की उरतं ते. प्लीझर कंपनीची मॉडेल्स बघा, तीच बहुतेक क्लासमध्ये दिसतात. डिलाइटची हील ६ इंच, प्लॅटफॉर्म १.७५, उरले सव्वाचार. अ‍ॅडोरची ७ इंच, प्लॅटफॉर्म २.७५, परत सव्वाचार. फ्लमिंगोची ८ इंच, प्लॅटफॉर्म ४, उरले फक्त ४. म्हणजे आठ इंचीत पाऊल उलट किंचित कमी वाकतं! पण म्हणून नवख्यांनी आठ इंची घ्यायची असा अर्थ नाही हां. प्लॅटफॉर्म जाड झाला की जमीन लांब जाते, बूट जड होतो, आणि घोटा एकदा कलंडला की सावरायला वेळच मिळत नाही. पाय चांगलाच मुरगळतो. तर पहिली जोडी सहा किंवा सात इंची, आणि सहा इंची घेतली म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखत असेल तर त्या माणसाबरोबर सराव करू नका.

पहिल्या जोडीला घोट्याचा पट्टा हवाच. यावर चर्चा नाही. नुसत्या पाय सरकवायच्या स्लाइड हील्स फार गोड दिसतात, आणि पाय फिरवताना त्या उडून समोरच्याच्या तोंडावर जाऊ शकतात. पट्टा लावल्यावर त्याखाली हाताचं एक बोट जाईल इतपत घट्ट. छिद्रं कमी पडली तर पाडून घ्या, सैल ठेवून ओढत बसू नका. पण पट्टा मापाची चूक झाकत नाही, हे लक्षात ठेवा. घोट्याला कितीही आवळलं तरी चवडा पुढे घसरायचा तो घसरतोच.

मटेरियल थोडक्यात. पेटंट आणि व्हिनाइल पोलला चिकटतं, क्लाइंबला मदत होते, पण पाय पायावर घासताना बूट एकमेकांनाही चिकटतात आणि मध्येच ब्रेक लागल्यासारखं होतं. वेलवेट किंवा साबरासारखं कापड सहज सरकतं, जमिनीवरच्या फ्लोअरवर्कला मस्त, पोलवर मात्र पकड देत नाही. ग्लिटर दुसऱ्या पायाच्या कातडीला खरवडते. गुडघ्यापर्यंतचे बूट घेतलेत तर नडगी आणि पोटरीची पकड गेली समजा, त्यामुळे पहिल्यांदा सँडलच बरं, पावलाची वरची बाजू बरीचशी उघडी राहते. बक्कल कुठल्या बाजूला येतंय तेही बघा, क्लाइंब करताना ते पोलवर घासत असेल तर पोलही खराब आणि पायही.

बूट आले की लगेच क्लासला घेऊन पळू नका. घरात, स्वच्छ गालिच्यावर किंवा मॅटवर घाला, सोल खराब झाला की परत कुणी घेत नाही. नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. थोडा वेळ चाला. मग गुडघे सरळ ठेवून टाच जमिनीवरून उचला आणि परत ठेवा, पाऊल आत सरकतंय का बघा. खाली बसून पाय हवेत जोरात झटका, टाच सुटतीये का? गुडघ्यावर या, प्लॅटफॉर्मची टोकं मागे टेकवून उठा. एका पायावर उभं राहून दुसरा हळू फिरवा. हे करताना बोटं आतून मूठ वळतायत असं वाटलं तर बूट तुम्हाला धरत नाहीये, तुम्हीच बुटाला धरून ठेवलंय.

"घालून घालून होतील सैल" हे अर्धसत्य आहे. रुंदीत थोडं खरं आहे, पट्टे अंगाच्या उष्णतेने मऊ पडतात, जाड मोजे घालून घरात फिरलं की सवय होते. लोक हेअर ड्रायरने व्हिनाइल गरम करतात, चालतं, पण लांबून आणि थोडाच वेळ, नाहीतर चिकटवलेला सोलच सुटून हातात येतो. लांबी मात्र कधीही वाढत नाही. कधीही नाही. आणि मोठा बूट घालून घालून लहान होत नाही हे तर सांगायलाच नको, उलट पट्टे ताणले की अजून सैल होतो.

शिकवणाऱ्यांबद्दल थोडं. चांगला पोल शिकवता येतो म्हणजे बुटांचं कळतं असं नाही. ज्यांचं पाऊल अरुंद आहे त्यांना रुंद पायाचं दुःख कळत नाही आणि ते मनापासून चुकीचा सल्ला देतात. मला "एक मोठा घे" सांगणाऱ्या ताईंनी माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. जे खाली बसून तुमची टाच बघतात, चवडा कुठे येतोय ते हात लावून तपासतात, त्यांचं ऐका. रील बघून तर अजिबात मागवू नका. तिथे तीस सेकंद घातलेले बूट दिसतात, नंतरचे पाय दिसत नाहीत. क्लासमधल्या मैत्रिणीचे घालून बघायला मिळाले तर सोनं, फक्त ते वापरून तिच्या पायाच्या आकाराचे झालेले असतात हे धरून चाला.

पुरुषांसाठी वेगळं काही नाही, फक्त रुंदी हाच तुमचा मुख्य प्रश्न असणार, तेव्हा चवड्याचा घेर मोजल्याशिवाय पैसे टाकू नका.

आणि घाबरू नका हो. पहिल्या काही वेळा पोटऱ्या भरून येणार, तळवे दुखणार, तुम्ही नवजात वासरासारख्या चालणार, हे सगळ्यांचं होतं आणि जातं. घोट्यांसाठी रोज अनवाणी टाचा उचलायचा व्यायाम करा, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. पण बोटं बधिर होणं, मुंग्या येणं, चवड्यात वीज चमकल्यासारखी कळ, अंगठ्याच्या सांध्यात बूट काढल्यावरही राहणारी दुखरी जागा, ही "सवय" नाही. बूट काढा. पुन्हा पुन्हा होत असेल तर फिजिओला दाखवा आणि जाताना ते बूट पिशवीत घालून घेऊन जा, नुसतं तोंडी वर्णन करून त्यांना कळत नाही.

जुने, कुणीतरी वापरलेले घेत असाल तर मापाइतकीच हील तपासा. हील हातात धरून डावीउजवीकडे हलवा. बऱ्याच बुटांत हील आतल्या बाजूने, इनसोलखाली, स्क्रूने बसवलेली असते, ती ढिली झाली असेल तर घट्ट करता येते. पण बुडाशी तडा दिसला तर फुकट मिळाले तरी नको. टाचेखालची छोटी टोपी झिजून खिळा दिसत असेल तर ती बदलून मिळते, ते स्वस्तातलं काम आहे. पुढचं टोक घासलेलं असतं त्याला घाबरू नका, जमिनीवर ओढून ओढून सगळ्यांचंच तसं होतं, पारदर्शक टेप लावली की भागतं. आणि हे सगळं ठीक निघालं तरी आधी घाला, बक्कल लावा, आणि मागून फोटो काढायला सांगा.