विज्ञानशिक्षकांनो, साधने आणि प्रशिक्षण वापरताना या चुका टाळा

ताटलीत पाणी, मधोमध पेटलेली मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते आणि आपण वर्गाला सांगतो, "हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो जळून गेला, म्हणून तेवढं पाणी वर आलं." मी हे वाक्य कितीतरी वर्षे सांगत होतो. मार्गदर्शिकेत ते होते, प्रशिक्षणातही ऐकले होते आणि पाणी दरवेळी चढतही होते. मग एका मुलीने विचारले, "सर, ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असताना हळूहळू का चढत नाही? विझल्यावरच एकदम का चढतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिचे निरीक्षण अचूक होते. बंद पेल्यातली ज्योत ऑक्सिजन संपल्यावर विझत नाही. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ती विझते. जळालेल्या ऑक्सिजनच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुष्कळशी जागा तोच भरून काढतो. पाणी चढण्याचे मुख्य कारण उष्णता आहे. पेला ठेवताना ज्योतीभोवतालची हवा तापून प्रसरण पावलेली असते आणि तिच्यातली काही कडेने निसटते. कधीकधी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. पडताळा सोपा आहे. एका मेणबत्तीऐवजी तीन लावा, पाणी जास्त चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच असतो.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की आपल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. साधन मिळाले, प्रशिक्षण झाले, छापील माहिती हाती आली की काम झाले असे आपण धरतो. मधली एक पायरी सुटते. ते सगळे आपण स्वतः, वर्गाच्या आधी, शंका घेत करून पाहण्याची.

पहिला प्रयोग थेट वर्गातच करणे

वेळ नसतो, हे मला पूर्ण मान्य आहे. सरकारी शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाकडे विज्ञानाशिवाय किती कामे असतात, ते वेगळे सांगायला नको. तरीही प्रयोग आदल्या दिवशी एकदा करून पाहायला लागणारी वीस मिनिटे दुसऱ्या दिवशीचा पूर्ण तास वाचवतात. वर्गात प्रयोग फसला की आपण "असं व्हायला हवं होतं" म्हणून फळ्याकडे वळतो. त्यातून मुले एवढेच शिकतात की प्रयोग आणि उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेहमी फसणारे काही प्रयोग आणि त्यांची कारणे सांगतो.

पानातल्या स्टार्चची चाचणी. आयोडीन टाकले तरी पान तपकिरीच राहते, निळे-काळे होत नाही. पहिली शंका पानावर घ्या. सकाळपासून अंधाऱ्या खोलीत पडलेल्या कुंडीचे पान घेतले असेल, तर त्यात स्टार्च फारसा नसणारच. उन्हात चांगले तापलेले पातळ पान दुपारी तोडा. दुसरी शंका हरितद्रव्यावर. ते पुरते निघाले नसेल, तर रंगबदल झाकला जातो. पान आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा, मग अल्कोहोलमध्ये फिकट होईपर्यंत ठेवा, नंतर गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि मगच आयोडीन टाका. अल्कोहोल कधीही थेट ज्योतीवर तापवू नका. पाणी उकळा, ज्योत विझवा आणि त्या गरम पाण्यात अल्कोहोलची परीक्षानळी उभी करा. तिसरी शंका आयोडीनच्या बाटलीवर. द्रावण जुने होऊन फिके पडले असेल, तर आधी शिजलेल्या भाताच्या शितावर एक थेंब टाकून ते कामाचे आहे का ते पाहा.

कंगवा आणि कागदाचे कपटे. दमट हवेत हा प्रयोग हमखास रुसतो, कारण जमलेला विद्युतप्रभार ओलसर पृष्ठभागावरून निसटून जातो. वस्तू उन्हात किंवा दिव्याजवळ कोरड्या करून घ्या. हा पाठ कोरड्या दिवसांत ठेवता आला तर फारच उत्तम. पाठांचा क्रम थोडा मागेपुढे करण्याची मुभा असेल तिथे ती जरूर वापरावी.

विद्युत परिपथ. दिवा लागला नाही की आपण सेल बदलतो. बहुतेक वेळा दोष जोडणीत असतो. गुंडाळीच्या तांब्याच्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो टोकांना सॅंडपेपरने घासून काढल्याशिवाय प्रवाह जात नाही. एलईडीचे तर वेगळेच. तांबड्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला किंवा निळ्याला ३ च्या आसपास. म्हणून १.५ व्होल्टच्या एका सेलवर एलईडी लागत नाही आणि तो खराब आहे असे समजून टाकून दिला जातो. दोन सेल एकसर जोडा, लांब पाय धन टोकाकडे ठेवा आणि मध्ये १०० ओहमच्या आसपासचा रोधक घाला.

आणि साधा लंबक. इथली चूक मला फार आवडते, कारण ती मुलांना स्वतः शोधता येते. लंबक सोडताना मुले "एक" म्हणतात आणि "वीस"ला घड्याळ थांबवतात. प्रत्यक्षात दोलने १९ च झालेली असतात. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल जवळपास २ सेकंद असतो. या मोजणीने तो सुमारे १.९ येतो आणि गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १०.९ च्या घरात जाते. सोडताना "शून्य" म्हणायला लावा. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि कोन १० अंशांच्या आत ठेवा. पण हे सगळे आधीच सांगून टाकू नका. १०.९ येऊ द्या, मग विचारा, "आपण नेमकं कुठे चुकलो?" तो तास मुले विसरत नाहीत.

आपल्या स्वतःच्या समजुती न तपासणे

अमेरिकेतल्या १९८७ च्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठातले विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला कशा होतात, हे विचारले होते. २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या समजुती निघाल्या. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हे त्यांतले ठळक उत्तर. खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे.

हे सांगण्यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. लहानपणी मनात बसलेली समजूत पदवीनेही जात नाही, एवढेच यातून कळते. आणि ती शिक्षकाच्या मनात राहिली, तर दरवर्षी एका नव्या तुकडीकडे जाते. म्हणून पाठ घेण्याआधी स्वतःला एखादा तिरका प्रश्न विचारायची सवय लावा आणि उत्तर कागदावर लिहा. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते? (हवा नाही, पाण्याचीच वाफ.) ट्रक आणि छोटी मोटार धडकली तर जास्त बल कुणावर? (दोघांवर सारखेच. परिणाम वेगळा होतो तो वस्तुमानामुळे.) मोठ्या झाडाचे एवढे वजन आले कुठून? मातीतून, असे आपल्यातलेही अनेक जण म्हणतील. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने विलोचे रोप पाच वर्षे कुंडीत वाढवले आणि मातीचे वजन जवळपास तेवढेच राहिल्याचे दाखवले. वजन पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्याने काढला. तोही अर्धवटच होता, कारण झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो.

प्रशिक्षण निवडायची संधी मिळाली, तर ज्या प्रकरणाची आपल्याला मनातून धास्ती वाटते तेच निवडा. आपण नेमके उलटे करतो. जे छान येते त्याच्या कार्यशाळेला उत्साहाने जातो आणि वीज किंवा रासायनिक बंध टाळतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले.

हजेरी आणि प्रमाणपत्रालाच शिक्षण समजणे

दिवसभर खुर्चीत बसून पडद्यावरच्या चौकटी पाहणे, शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरणे आणि घरी जाणे. अशा प्रशिक्षणाने वर्गात काही बदलत नाही, हे आपण सगळे जाणतो. आयोजकांच्या हाती असेल ते आयोजक करतील. आपल्या हाती दोन गोष्टी आहेत.

एक, परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यातली एकच गोष्ट वर्गात करायची. दहा नव्हे, एकच. आठवडा उलटला की वही कपाटात जाते. दुसरी, शक्यतो एकट्याने जायचे नाही. शाळेतून एकालाच पाठवत असतील, तर शेजारच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकाशी आधीच ठरवा की परतल्यावर दोघे मिळून तोच पाठ घेऊ. फसल्यावर बोलायला समोर माणूस असेल, तरच आपण दुसऱ्यांदा प्रयत्न करतो.

जपानमध्ये शिक्षकांनी एकत्र पाठ आखण्याची, एकाने तो घेण्याची, बाकीच्यांनी मागे बसून पाहण्याची आणि नंतर चर्चा करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. तिच्यातली मोलाची गोष्ट अशी की मागे बसलेले शिक्षक शिकवणाऱ्याकडे नव्हे, मुलांकडे पाहतात. कुठे कपाळाला आठी पडली, कोणी शेजाऱ्याची वही पाहून लिहिले, कोणता प्रश्न सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. आपल्याकडे दुसऱ्याचा तास पाहणे म्हणजे तपासणी, अशी भीती असते आणि ती काढायला थोडा वेळ लागतो. सुरुवात आपल्याच वर्गाचे दार उघडून करा: "माझा उद्याचा तास बघायला या आणि मागच्या दोन बाकांवरची मुलं काय करतात तेवढं मला सांगा."

कोणी येणारच नसेल, तर फोन खिशात ठेवून एका तासाचा आवाज ध्वनिमुद्रित करा, फक्त स्वतःसाठी. मग प्रश्न विचारल्यावर आपण किती सेकंद थांबतो ते मोजा. १९७० च्या दशकात मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजले. शिक्षक साधारण एक सेकंद थांबून पुढे बोलू लागत होते. ते तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि गप्प राहणे कमी झाले. माझे स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणे मला जड गेले. मी एक सेकंदही थांबत नव्हतो.

पडद्यावरच्या साधनांच्या अडचणी

जुन्या याद्यांतली आभासी प्रयोगांची पाने उघडत नसतील, तर दोष तुमच्या संगणकात नाही. त्यांतली बरीच फ्लॅश नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालत आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. नवी आवृत्ती शोधा. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केलेला 'फेट' प्रकल्प मोफत आहे. त्यातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत आणि एकेक उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. म्हणून वर्गात जाळे मिळण्याच्या भरवशावर राहू नका, घरूनच उतरवून आणा.

मात्र पडद्यावर तार कधी सैल होत नाही आणि आयोडीन कधी जुने होत नाही. जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, ते खरेच करा. वायूचे कण, परमाणू, तारेतला प्रवाह अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी पडदा ठेवा. फोनच्या संवेदकांनी मोजमाप करणारे 'फायफॉक्स' हे आखेन विद्यापीठाचे मोफत ॲप छान आहे, पण प्रत्येक फोनमध्ये सगळे संवेदक नसतात. तासाआधी आपल्या फोनवर पाहून घ्या.

सुरक्षेबाबत तडजोड

रंगीत ज्वाळा दाखवण्यासाठी पेटत्या ज्योतीजवळ बाटलीतून मिथेनॉल ओतणे हा प्रकार पूर्णपणे बंद करा. त्याच्या वाफेतून आग बाटलीत शिरते आणि झोत समोर बसलेल्या मुलांवर येतो. अशा अपघातांत मुले गंभीर भाजली आहेत. आम्ल नेहमी पाण्यात घाला, पाणी आम्लात नको. पाऱ्याचा तापमापक अजून वापरात असेल तर तो बदलून मागा.

संच कपाटात कुजू देणे

सेल लावलेल्या स्थितीत उपकरण सुटीभर ठेवले, तर सेल गळून आतले संपर्क खातात. सुटीआधी ते काढा. पट्टीचुंबक सुटे टाकले की त्यांची शक्ती घटते. जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवा. भिंगे आणि काचपट्ट्या मऊ कापडात गुंडाळा. आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. कोणता प्रयोग कधी केला, काय फसले, काय केल्यावर जमले, हे दोन ओळींत लिहीत जा. बदली होऊन तुम्ही गेलात, तरी पुढच्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कळेल की या शाळेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ॲमीटरचा काटा अडकतो आणि तो बोटाने हलकेच टिचकी मारली की सुटतो.